समुद्र खाली राहिला

सुनिल्दा मारिलेओ, माझी आत्या,
खडकांतल्या प्रत्येक खळग्याला नावानं ओळखायची.
आंधळा. दोन दारांचा. पाद्र्याची वाटी.
आणि विहीण, कारण तिच्यात हात घातला
की काहीतरी टोचायचंच.
चिलीच्या नकाशात यातलं एकही नाही.
नकाशात आमचं गावच एक ठिपका,
आणि त्याच्यापुढे निळा रंग, थेट कागदाच्या कडेपर्यंत.

ओहोटीला उतरायचो. ती पुढे, अनवाणी,
मी मागे, एका बुटात पाणी शिरलेलं.
"सावली पाडू नकोस," ती म्हणायची,
"त्यांना वाटतं पक्षी आला."
मग बसून राहायचं.
आधी काहीच नसायचं, नुसतं आभाळ.
मग आभाळाखाली एक मिशी हलायची,
काचेच्या कोळंबीची.
मग ज्याला दगड समजले होते तो तोंड फिरवायचा:
एक मासा, निम्मा कपाळच, आणि चिडका.
समुद्रफुलं बोट धरायची
तान्हं मूल धरतं तशी,
चव बघून सोडून द्यायची.
तळाला गुलाबी थर, खडकालाच चढलेला,
आणि बाहेर काठाशी कोचायुयो,
चामड्याच्या पट्ट्यांसारखं शेवाळ,
लाटेबरोबर मान हलवणारं.
हो म्हणतंय की नाही, कधी कळलं नाही.

एका खळग्यातून तिनं तीनच लापा काढल्या,
टोपीसारख्या त्या शिंपल्या, सुरीचं टोक सारून, एका झटक्यात.
तीनच का, विचारलं तर म्हणायची,
"पुढे मोजता येत नाही मला."
बाजारात मात्र तिला कुणी एक पेसोही फसवला नाही.

फेब्रुवारीतली ती रात्र.
जमीन इतका वेळ हलली
की मधेच आम्हाला रडायचं कशाला ते आठवेना.
टेकडीवर पोचलो तर कुत्री आधीच वर.
सगळ्यांची तोंडं समुद्राकडे.
तो आला, होड्या नेल्या, ऑर्तेन्सियाचं दुकान नेलं,
वजनकाट्यासकट.
उजाडलं. मग दुपारची भरतीची वेळ झाली
आणि विहीण कोरडी.

पुरुष म्हणाले, समुद्र मागे हटला.
आत्या बराच वेळ बघत राहिली.
"तो आहे तिथेच आहे," म्हणाली. "आपण वर आलोय."

अकरा दिवस ती बादली घेऊन खाली जात होती.
विहिणीला पुरणार नाही म्हणून पाद्र्याच्या वाटीत ओतायची.
जमीन अजून अधूनमधून शहारत होती,
बाबा वरून शिव्या देत होते.
बादली, चढण, बादली.
कुरव पक्षी खाऊन खाऊन कंटाळले, उडेनात.
साळिंदरांचे काटे गळाले, उरल्या नुसत्या डब्या.
वासानं आम्ही खिडक्या लावून जेवायचो.
बाराव्या दिवशी तिनं बादली धुतली आणि पालथी घातली.

गुलाबी थर वाळून चुन्यासारखा झाला,
किनारभर एक पांढरा पट्टा.
शहरातून दोघं जण टेप घेऊन आले,
पट्टा मोजला, वहीत लिहिलं: एक मीटर ऐंशी.
आत्या जाऊन खडकाला पाठ लावून उभी राहिली,
डोक्यावर तळवा आडवा धरला, आणखी थोडा वर नेला.
"म्हणजे मी," ती म्हणाली, "आणि डोक्यावर माझी टोपली."
ते हसले. तिनं हसण्यासाठी सांगितलं नव्हतं.

खाली, कधीच उघडा न पडलेला खडक आता उघडा पडायचा,
लाजल्यासारखा, काळाभोर.
पहिल्या हिवाळ्यात त्याला नुसता हिरवा बुळबुळाट.
दुसऱ्या वर्षी मीठ भुरभुरल्यासारखे कण,
जवळून पाहिलं तर प्रत्येकाला झाकण.
मग एका नव्या खळग्यात एकुलती एक लापा, नखाएवढी.
"नाव काय ठेवलंस?"
"इतक्यात नाही. आधी कळू दे, वागतो कसा."

पाद्र्याच्या वाटीत आता पावसाचं गोडं पाणी आणि एक बेडूक.

आत्या गेली तेव्हाही त्या नव्याला नाव नव्हतं.
मी उतरते ओहोटीला, जमेल तेव्हा.
बसते,
सावली मागे पडेल अशी.